साउंड ड्रायव्हर टाकताना दरवेळी फेल होत असेल, तर आधी कंट्रोलर बघा

तुम्ही लिहिलंय की घरच्या डेस्कटॉपवर विंडोज १० नव्याने टाकलं आणि तेव्हापासून आवाज गेला. टास्कबारवरच्या स्पीकरवर लाल फुली आहे. मदरबोर्डच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवून तीनदा टाकला, तिन्ही वेळा हिरवी पट्टी जवळजवळ शेवटपर्यंत गेली आणि मग इन्स्टॉलेशन फेल झाल्याचा संदेश आला. आता चौथ्यांदा टाकू नका. ड्रायव्हरची फाइल बहुतेक ठीकच आहे. ज्या चिपसाठी ती आहे ती चिप विंडोजला दिसतच नसावी, असा मला दाट संशय आहे.

लाल फुली असणं ही एका अर्थी चांगली गोष्ट आहे. फुली नसती आणि तरी आवाज नसता, तर जॅक, व्हॉल्यूम, चुकून निवडलेलं आउटपुट अशी पन्नास कारणं शोधावी लागली असती. फुलीचा अर्थ बहुतेक वेळा एकच, की आवाज पाठवायला विंडोजकडे एकही वापरण्याजोगं ठिकाण नाही.

आतली रचना थोडी समजून घ्या, कारण सगळी गोम तिथेच आहे. मदरबोर्डवर आवाजाचं काम दोघं मिळून करतात. चिपसेटच्या (म्हणजे बोर्डवरचे भाग प्रोसेसरशी जोडणाऱ्या चिपच्या) पोटात एक कंट्रोलर असतो, आणि मागच्या जॅकांच्या जवळ एक छोटी चौकोनी चिप असते, तिला कोडेक म्हणतात. इंटेलने २००४ साली आणलेली हाय डेफिनिशन ऑडिओ ही रचना अशीच आहे (त्याआधी १९९७ पासून एसी'९७ ही जुनी रचना चालायची). विंडोज आधी कंट्रोलर जागा करतं, कंट्रोलर आपल्या तारेवर कोण कोण आहे ते विचारतो, कोडेक आपला नंबर सांगते, आणि मग त्या नंबराचा ड्रायव्हर शोधला जातो. तुम्ही उतरवलेला ड्रायव्हर कोडेकचा आहे. कंट्रोलरच बंद असेल तर कोडेक विंडोजच्या लेखी अस्तित्वातच नाही, मग इन्स्टॉलर तरी ड्रायव्हर कुणाला लावणार?

हे मी स्वतः भोगलंय. माझ्या जुन्या मशीनमध्ये एकेकाळी वेगळं साउंड कार्ड होतं. ते गेलं, मी काढून ठेवलं आणि बोर्डवरच्या आवाजावर आलो. विंडोज बदललं आणि तुमच्यासारखीच फुली आली. दोन रात्री ड्रायव्हर टाकत आणि काढत बसलो. शेवटी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये शिरलो, तर 'ऑनबोर्ड डिव्हायसेस'खाली 'एचडी ऑडिओ कंट्रोलर'समोर 'डिसेबल्ड' लिहिलेलं! ते मीच कधीतरी कार्ड लावताना बंद केलं होतं. 'एनेबल्ड' करून, सेव्ह करून बाहेर पडलो. डेस्कटॉप आला तेव्हा फुली गेलेली होती, आणि ड्रायव्हर तर मी पुन्हा टाकलाही नव्हता.

म्हणून तुम्हीही पहिल्यांदा बायोस बघा. मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहा. काही बोर्डांवर या सेटिंगला 'अझालिया' असं नाव असतं. ते इंटेलच्या या रचनेचं जुनं टोपणनाव आहे, गोंधळून जाऊ नका.

तिथे सगळं चालू असेल तर स्टार्टवर उजवं क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. बहुतेक जण थेट 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स' उघडतात. तुम्ही आधी 'सिस्टिम डिव्हायसेस' उघडा आणि 'हाय डेफिनिशन ऑडिओ कंट्रोलर' शोधा. तो आहे आणि त्यावर पिवळं चिन्ह नाही, तर खालचा मजला शाबूत आहे. तो नसेल आणि वर 'अदर डिव्हायसेस'मध्ये 'मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर' किंवा नुसतं 'पीसीआय डिव्हाइस' लटकत असेल, तर आधी बोर्डच्या साइटवरून चिपसेटचा ड्रायव्हर टाका, रीस्टार्ट करा, आणि मगच आवाजाकडे वळा.

एक फसवणूक इथे हमखास होते. साउंडच्या यादीत 'एनव्हिडिया हाय डेफिनिशन ऑडिओ' किंवा 'इंटेल डिस्प्ले ऑडिओ' दिसतं आणि वाटतं, ड्रायव्हर तर आहे! तो एचडीएमआयच्या केबलमधून मॉनिटरला जाणाऱ्या आवाजाचा आहे. मागच्या हिरव्या जॅकशी त्याचा काही संबंध नाही.

आता कुठली चिप आहे ते अंदाजाने ठरवू नका, तिलाच विचारा. पिवळ्या चिन्हाच्या नोंदीवर डबल क्लिक करा. 'जनरल'मध्ये कोड दिसेल: २८ असेल तर ड्रायव्हर लागलेलाच नाही, १० असेल तर लागला आहे पण डिव्हाइस सुरू होत नाही. मग 'डिटेल्स'मध्ये 'हार्डवेअर आयडीज' निवडा. लांबलचक ओळीत 'व्हीईएन'च्या पुढची चार अक्षरं कंपनी सांगतात. १०ईसी म्हणजे रिअलटेक, १०डीई एनव्हिडिया, १००२ एएमडी, ११०२ क्रिएटिव्ह. इंटेलचा आकडा ८०८६ आहे, त्यांच्या १९७८च्या प्रोसेसरचाच! 'डीईव्ही'च्या पुढे चिपचं मॉडेल असतं. बोर्डचं नाव आठवत नसेल तर 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये 'बेसबोर्ड प्रॉडक्ट' ही ओळ वाचा. ड्रायव्हर त्याच नावाच्या पानावरून घ्या. 'तुमचे सगळे ड्रायव्हर आपोआप अपडेट करतो' म्हणणारी सॉफ्टवेअरं कृपया टाकू नका. विंडोज स्वतः जे फुकट आणि नीट करतं तेच ती करतात, आणि सोबत नको ते घेऊन येतात.

तीन अर्धवट इन्स्टॉलेशनचा कचराही साफ करायला हवा. 'अ‍ॅप्स'मधून ऑडिओ ड्रायव्हर काढा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' म्हणा आणि 'डिलीट द ड्रायव्हर सॉफ्टवेअर'च्या चौकटीत खूण करा. ही खूण करायची राहून गेली तर विंडोज आपल्या साठ्यातून तोच बिघडलेला ड्रायव्हर पुन्हा लावतं. त्यानंतर 'स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस' करा. कधी कधी खालून आणखी जुना ड्रायव्हर वर येतो, तोही तसाच काढा. शेवटी 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' हे साधं नाव दिसेल आणि खुणेची चौकटच येणार नाही. हा मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा ड्रायव्हर.

इथे थांबा आणि गाणं लावून बघा. आवाज आला तर कंपनीचा ड्रायव्हर टाकायलाच हवा असं नाही. इक्वलायझर, जॅकांची कामं बदलणं, असल्या सोयी मिळत नाहीत, पण स्पीकर आणि हेडफोनसाठी मी घरी हाच ठेवलाय. कंपनीचा हवाच असेल तर इंटरनेट बंद करून टाका, म्हणजे विंडोज अपडेट मध्येच आपला ड्रायव्हर घुसवणार नाही. आणि नंतर 'शट डाउन' नको, 'रीस्टार्ट'च करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, जुनी अवस्था डिस्कवर ठेवून तीच परत उचलली जाते.

हे सगळं करूनही फुली राहिली, तर शेवटची एक कसोटी आहे. पेन ड्राइव्हवर उबुंटू (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम) घ्या आणि इन्स्टॉल न करता 'ट्राय' म्हणून चालवा. तिथे आवाज वाजला तर हार्डवेअर ठणठणीत आहे, दोष विंडोजमध्येच आहे. तिथेही 'डमी आउटपुट' (म्हणजे खरं साउंड उपकरण सापडलंच नाही) एवढंच दिसलं आणि बायोसमध्ये कंट्रोलर चालू असेल, तर बोर्डवरचा आवाज गेला असं समजा. त्यासाठी मदरबोर्ड बदलायची मुळीच गरज नाही. यूएसबीचं छोटं साउंड कार्ड घ्या. यूएसबी ऑडिओचा ठरलेला मानक असतो, त्यामुळे ते लावलं की विंडोज स्वतःच ओळखतं. खोके उघडून सीडी शोधत बसू नका, नुसतं मागच्या पोर्टमध्ये लावा आणि हेडफोन जोडा.