साठ गाणी ओळखतो, पण पाणी मागत नाही

"मॅडम, मोबाईलवर पहिला सूर वाजला की गाणं ओळखतो. अशी साठ तरी गाणी असतील. ए-बी-सी-डी अख्खी म्हणतो. पण तहान लागली की माझा हात धरून फ्रिजपाशी नेतो, 'पाणी' म्हणत नाही. गाण्याची एवढी आवड आहे, तर संगीताचा क्लास लावला तर बोलायला लागेल का?"

मुलगा दोन वर्षं एक महिन्याचा. आईबाबा दोघंही नोकरी करणारे, दिवसभर सांभाळायला आजी. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) लहान मुलांच्या पालकांकडून हा प्रश्न वारंवार येतो. गाण्याने बोलण्याला मदत होते, हे खरं आहे. पण मदत होते ती समोर बसून गाणाऱ्या माणसाची. त्यासाठी क्लास लागत नाही.

त्याआधी कान. दोन वर्षांच्या मुलाकडे साधारण पन्नासेक शब्द आणि 'आई ये', 'दूध दे' अशी दोन शब्दांची जोडणी अपेक्षित असते. पाठ झालेली ए-बी-सी-डी त्यात धरायची नाही, कारण तिच्यातून तो काही मागत नाही की सांगत नाही. "ताट पडलं तर दचकतो, म्हणजे ऐकू येतंच," असं आजी म्हणाल्या. तेवढ्यावर विसंबू नये. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं तर दणका ऐकू येतो, गाण्याची चालही कळते, पण 'स', 'त', 'प' असे हलके आवाज निसटतात. म्हणून ओएई (आतल्या कानाची तपासणी) आणि टिंपॅनोमेट्री (पडद्याची आणि त्यामागच्या भागाची तपासणी), गरज पडल्यास बेरा (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोहोचतो का, याची तपासणी). वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत ऐकण्याच्या तपासण्या होतात. इतर जिल्ह्यांत जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करावी. याचे कान चांगले निघाले. हात धरून नेण्याची सवय आणि हाकेला उशिरा वळणं, यामुळे स्वमग्नतेची (ऑटिझमची) शक्यता चाचपणारी एम-चॅट ही वीस प्रश्नांची यादी भरून घेतली आणि विकास-बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी स्पीच थेरपी लगेच सुरू करायला आणि तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायला सांगितलं.

मग घरातला दिवस उलगडला. जेवताना मोबाईल, झोपताना मोबाईल, मधे आजींचा स्वयंपाक चालू असताना टीव्ही. सगळं धरून चार तास. बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटना दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नको म्हणते, आणि पुढे पाच वर्षांपर्यंत जास्तीत जास्त एक तास. "पण ती गाणीच असतात की," आई म्हणाली. इथेच गफलत होते. बाळं भाषा कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन संशोधक पॅट्रिशिया कुल यांनी 2003 मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषेतले आवाज ऐकवले. समोर बसून बोलणाऱ्या बाईकडून बाळं ते आवाज शिकली. तेच व्हिडिओवर दाखवलं तेव्हा नाही शिकली. व्हिडिओ बाळाकडे बघत नाही, त्याच्यासाठी थांबत नाही. (मोत्झार्ट ऐकवून बुद्धी वाढते म्हणणारे ज्या 1993 च्या प्रयोगाचा दाखला देतात, तो कॉलेजच्या 36 विद्यार्थ्यांवर होता आणि परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला होता. बाळांचा त्यात संबंधच नव्हता.)

ठेक्यामुळे पुढे काय येणार याचा अंदाज बांधायची सवय लागते, आणि बोलणं समजायलाही तेच लागतं. म्हणून गाणं एकच आणि सोपं, रोजच्या कामाला बांधलेलं. आईने अंघोळीसाठी दोन ओळी जुळवल्या:

पाणी आलं खळखळ, धुऊ आपण हात
पाणी आलं खळखळ, धुऊ आपण पाय

गायचं कसं, तर त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून, बोलण्यापेक्षा सावकाश, तोंड दिसेल असं. तीन-चार दिवस पूर्ण म्हणायचं. मग शेवटचा शब्द सोडायचा: "धुऊ आपण…" आणि थांबायचं. भुवया वर, श्वास रोखलेला, मनात सात-आठ आकडे. त्याने नुसतं बघितलं, हात पुढे केला, 'हा' म्हटलं, काहीही चालेल, लगेच "हात!" म्हणून पाणी ओतायचं. दोन आठवडे गाणं बदलायचं नाही. आवाज बेसूर असला तरी काही बिघडत नाही, बाळाला ओळखीचा आवाज हवा असतो.

पहिल्या आठवड्यात काहीच घडलं नाही. आईने घरचा व्हिडिओ आणला तेव्हा कारण दिसलं: ती एका सेकंदात स्वतःच "हात" म्हणून टाकत होती. मुलाचं तोंड उघडत होतं आणि तेवढ्यात शब्द हिरावला जात होता. दुसरी चूक म्हणजे "हे काय? सांग ना, काय?" अशी परीक्षा. त्याने मूल गप्प होतं. तिसरी, रोज नवं गाणं. अंदाज बांधायला जागाच राहत नाही.

आजींची अडचण वेगळी होती. "मोबाईल नाही दाखवला तर घास घेत नाही हो." सगळं एकदम बंद करू नका म्हटलं. आधी फक्त रात्रीचं जेवण, वीस मिनिटं, सगळे एकत्र. चार-पाच दिवस तो कमी जेवेल, मागे धावायचं नाही. दुपारी आजींनी 'इथे इथे बस रे मोरा' घ्यावं, तळहातावर बोट टेकवत, आणि 'भुर्र' च्या आधी थांबावं. आजी हसल्या: "एवढंच? हे तर याच्या बापालाही केलंय मी."

दहाव्या-अकराव्या दिवशी अंघोळीत 'हा' आला. सहाव्या आठवड्यात तो आईला फ्रिजपाशी घेऊन गेला आणि म्हणाला, "खळखळ." आईचा फोन आला तेव्हा ती जरा खट्टू होती, पाणी म्हणाला नाही म्हणून. तिला सांगितलं, हाच त्याचा पाण्याचा शब्द आहे, दुरुस्त करू नका. "हो, पाणी! पाणी हवं?" म्हणा आणि लगेच पेला द्या.

तीन महिन्यांनी शब्द वीसच्या आसपास आहेत, वयाच्या मानाने अजून कमी. थेरपी चालू आहे, तज्ज्ञांची पुढची भेट ठरली आहे. अंघोळीच्या गाण्यात आता दोन शब्द सोडतात: "धुऊ… …"