पांढऱ्या गाडीचा एचडीआर फोटो करडा आणि मळकट का दिसतो?

आपण विचारले आहे, की एचडीआरसाठी, म्हणजे उजेड आणि सावली दोन्हींतील तपशील एकाच चित्रात यावा म्हणून, पांढऱ्या गाडीची तीन एक्स्पोजर (कमी-जास्त उजेडाचे तेच चित्र) घेऊन ती सॉफ्टवेअरमध्ये एकत्र केल्यावर पत्रा करडा दिसतो, टपाच्या कडेने आकाशात उजळ पट्टा उमटतो आणि सगळे चित्र रंगवल्यासारखे वाटते, तर चूक फोटो काढण्यात आहे की संपादनात. माझ्या मते चूक त्याच्याही आधीची आहे: संपूर्ण गाडीला एचडीआर लागतो, हे आपण गृहीत धरले आहे.

गाडीचा चकचकीत पत्रा आपल्याला दिसतो तो मुख्यतः त्यात पडलेल्या प्रतिबिंबामुळे. बॉनेटवर आणि टपावर आकाश असते, दरवाजाच्या खालच्या भागात जमीन असते आणि या दोहोंमधील उजेडाच्या उतारावरून डोळ्याला पत्र्याची गोलाई कळते. एकत्र केलेले चित्र पडद्यावर मावेल असे करण्याच्या पायरीत, म्हणजे टोन मॅपिंगमध्ये, प्रत्येक ठिकाणचा उजेड आजूबाजूच्या उजेडाशी ताडून बदलला जातो, म्हणजे अंधार वर उचलला जातो आणि उजेड खाली दाबला जातो. त्यामुळे हा उतार सपाट होतो आणि जो पांढरा रंग जवळजवळ सर्वांत उजळ असायला हवा, तो मधल्या करड्यावर येऊन बसतो. टपाच्या काळसर कडेला लागून तेजस्वी आकाश असले, की आजूबाजूच्या उजेडाची ही सरासरी कडेपलीकडे सांडते आणि तो उजळ पट्टा तयार होतो.

मी एकदा गडद निळ्या गाडीची पाच एक्स्पोजर घेऊन ती मोठ्या हौसेने एकत्र केली होती. संगणकावर शंभर टक्के आकारात पाहिले तेव्हा मागच्या दरवाजात ट्रायपॉडचे तीन पाय, माझे बूट आणि वाकडी झालेली खडी असे सगळे स्पष्ट दिसत होते आणि मेटॅलिक रंगातील प्रत्येक कण वाळूसारखा टोचत होता. मधल्या, म्हणजे मध्यम एक्स्पोजरच्या एकाच फ्रेममध्ये हे सारे सावलीत मुकाट बसले होते.

त्यामुळे फोटो शक्यतो सूर्य मावळल्यानंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत काढावा. तेव्हा आकाश हाच एक मोठा मऊ दिवा होतो आणि उजेड-अंधारातील अंतरही कमी झालेले असते. कॅमेरा ट्रायपॉडवर हेडलाइटच्या उंचीला ठेवावा आणि ७० ते १०० मिलिमीटरची लेन्स वापरून लांबून फोटो घ्यावा, कारण वाइड लेन्सने जवळून घेतल्यास गाडीचे नाक फुगते. अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ ८, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, फोकस आणि व्हाइट बॅलन्स हे सारे कायम ठेवून फक्त शटरचा वेग बदलावा. अ‍ॅपर्चर बदलले तर फ्रेमगणिक कडांचा तीक्ष्णपणा बदलतो. दोन-दोन स्टॉपच्या अंतराने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) तीन रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, फ्रेम बहुतेक वेळा पुरतात. हेडलाइट लावलेली एक कमी एक्स्पोजरची फ्रेम वेगळी घ्यावी, मात्र एलईडी दिवे पुष्कळदा अतिशय वेगाने लुकलुकत असल्यामुळे तिथे शटर फार वेगवान ठेवू नये.

खरा फरक पडतो तो पोलरायझरने, म्हणजे लेन्सवर लावून फिरवायच्या, चमक कापणाऱ्या फिल्टरने. रंगावरचा पारदर्शक थर धातूचा नसल्यामुळे त्यावरील परावर्तन पोलरायझरने कमी होते. क्रोमच्या पट्टीवर मात्र त्याचा जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. गाडी वळणदार असल्याने एका कोनात समोरची काच स्वच्छ होते, तर दुसऱ्या कोनात दरवाजा. म्हणून फिल्टर फिरवत दोन-तीन फ्रेम घ्याव्यात आणि नंतर हवा तो भाग हव्या त्या फ्रेममधून उचलावा. फिल्टर एक ते दोन स्टॉप उजेड खातो आणि मागच्या टफन्ड काचेवर कधी कधी ठिपक्यांची नक्षी दाखवतो. प्रतिबिंब पूर्ण पुसण्याचा मोहही टाळावा, कारण मग गाडी प्लॅस्टिकच्या खेळण्यासारखी दिसते.

संपादनात मी मधली फ्रेम खाली ठेवतो, तिच्यावर एकत्र केलेले चित्र ठेवतो आणि मास्कने (वरच्या चित्राचा हवा तेवढाच भाग दाखवणाऱ्या झाकणाने) ते फक्त आकाश, चाकांच्या कमानी, ग्रिल आणि गाडीचा अंतर्भाग एवढ्यांतच उघडतो. पत्रा मधल्या फ्रेमचाच राहतो. युक्ती जुनीच आहे: १८५० च्या दशकात फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव ल ग्रे समुद्र आणि आकाश दोन वेगळ्या निगेटिव्हवरून छापत असे. मास्कची टपाजवळची कडा ब्रशने न रंगवता पेन टूलने आखावी आणि ती एक-दोन पिक्सेलच मऊ करावी. क्लॅरिटी (बारीक तपशील उठावदार करणारे स्लायडर) टायरला आणि जमिनीला द्यावी, पत्र्याला देऊ नये. टोन मॅपिंगच टाळायचे असेल, तर मर्टेन्स, काउट्झ आणि व्हॅन रीथ या संशोधकांनी २००७ मध्ये मांडलेली एक्स्पोजर फ्यूजनची पद्धत आहे. तिच्यात प्रत्येक फ्रेममधील चांगले उतरलेले भाग थेट मिसळले जातात. एन्फ्यूज हे मोफत सॉफ्टवेअर तेच करते आणि त्याचा निकाल पुष्कळ सौम्य असतो.

आपल्या गाडीपुरते सांगायचे, तर वरचा लेयर, म्हणजे एकत्र केलेले चित्र, बंद-चालू करून फक्त दरवाजाकडे पाहावे. चालू केल्यावर तो मधल्या फ्रेमपेक्षा जराही करडा होत असेल, तर मास्क तिथे सांडलेला आहे. तेवढा भाग मास्कवर काळ्या ब्रशने झाकून टाकावा.