लोकलमध्येच चार तास जातात, अभ्यास कधी करू?

प्रश्न: ताई, मी बदलापूरला राहते, कॉलेज फोर्टात, टीवायबीकॉमला आहे. जाऊन येऊन रोज चार तास जातात, रात्री पुस्तक उघडलं की डोळे मिटतात आणि वाचलेलं दोन दिवसांत साफ विसरते. काय करू?

उत्तर: अगं, दमलेली असताना तेच पान पुन्हा पुन्हा वाचू नकोस, त्याने नुसतं ओळखीचं वाटतं, लक्षात राहत नाही. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं आपण पहिल्या काही तासांतच भराभर विसरतो, नंतर तो वेग कमी होतो, म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी हवी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. आणि उजळणी म्हणजे वही बंद करून आठवायचं! सकाळी सीट मिळो न मिळो, कल्याण ते ठाणे कालचं लेक्चर मनातल्या मनात स्वतःला सांग, जिथे अडलीस ते घाटकोपर येईपर्यंत मोबाईलमधल्या नोट्सच्या फोटोत बघ. गर्दीत नवीन काही वाचायला जाऊ नकोस, उगाच चिडचिड होते. कॉस्टिंगसारखं अवघड काम कॉलेजच्या लायब्ररीतच तासभर बसून कर आणि मग निघ, फोन बॅगेत. रात्री मात्र झोप गं, झोपेतच मेंदू वाचलेलं पक्कं करतो. अकराच्या पुढे पुस्तक उघडूच नकोस.