वाळणार कुठे, ते आधी सांग

अगं,

तुझा तो लांबलचक मेसेज वाचला. तुला गोंदे गावात जॉब लागला, अभिनंदन वगैरे घरी आलीस की पेढ्यांसोबत. आता मुद्द्याचं. घोटीला रूम घ्यायची की नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरून रोज अपडाऊन करायचं, आणि गाडी कोणती घ्यायची, हे तू दोन वेगवेगळे प्रश्न म्हणून विचारलेस. ते एकच आहेत. तू किलोमीटर मोजलेस, पेट्रोल मोजलंस, घोटीचं भाडं कमी म्हणून खूश झालीस. पण भिजलेलं जॅकेट, बूट, ग्लोव्हज, हे सगळं वाळणार कुठे, हे तुझ्या त्या एक्सेल शीटमध्ये कुठेच नाही.

रूम तू एप्रिलमध्ये बघितलीस. एप्रिलमध्ये घोटी कोणालाही आवडेल. जुलैत जाऊन बघ. समुद्रावरून येणारा वारा सह्याद्रीवर चढतो, थंड होतो आणि बरंचसं पाणी घाटमाथ्यावरच टाकून मोकळा होतो, म्हणून घोटीशेजारच्या इगतपुरीला वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस, तिथून ४५ किलोमीटरवर नाशिकला ७०० च्या आसपास आणि पुढे येवल्याकडे गेलं की ५०० झाला तरी लोक खूश. तू नाशिकहून निघालीस तर विल्होळीपर्यंत कोरडी जाशील आणि वाडीवऱ्ह्याला झोडपायला सुरुवात होईल. होऊ दे की! भिजून कोणी मरत नाही. संध्याकाळी घरी आलीस की जॅकेट पंख्याखाली टाक, सकाळी घालण्यासारखं होतं. घोटीला नाही होत. तिथे हवाच ओली, आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, हेल्मेटच्या आतल्या फोमला बुरशी येते, कपाटातले कपडे कुबट, आणि सकाळी तेच ओले ग्लोव्हज परत चढवायचे. बोटं सुन्न पडली की ब्रेक दाबायला उशीर होतो आणि त्या हायवेला तुझ्या पुढे-मागे कंटेनर असतात. लक्षात येतंय का?

बाइकचे रिव्ह्यू बघण्यापेक्षा माणसांनी घरं कशी बांधलीत ते बघत जा जरा. घोटी-इगतपुरीकडे जुन्या घरांना उतरती कौलं, पुढे पडवी, चुलीच्या वर माळा, तिथल्या धुरात आणि उबेत ठेवलेलं तेवढंच कोरडं राहायचं. येवला-नांदगावकडे धाब्याची घरं, वर सपाट मातीचं छत, त्यावर पापड-कुरडयांपासून मिरच्यांपर्यंत सगळं वाळत पडलेलं. लासलगावच्या पट्ट्यात कांदा महिनोन्‌महिने साठवणीच्या चाळीत टिकतो, कारण चाळीतून वारा खेळतो आणि तो वारा कोरडा असतो. देवळालीला सॅनिटोरियम उभी राहिली तीसुद्धा तिथली हवा बघूनच. म्हणजे शेतकऱ्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांनी आधी हवा बघितली, आणि तू मला विचारतेस ॲव्हरेज किती देईल!

मला इगतपुरीला बदली आली होती, क्वार्टरसकट, आणि प्रमोशनही होतं त्यात. मी नाही म्हणालो. माझ्या मागून लागलेला माणूस साहेब होऊन रिटायर झाला. तुझी काकू अजून अधूनमधून काढते तो विषय. हळहळ वाटते, नाही असं नाही, पेन्शन जमा झाल्याचा मेसेज आला की जरा जास्तच. पण आईला दमा होता, त्या ओल आलेल्या क्वार्टरमध्ये तिला नेऊन मी कसलं साहेबपद मिरवणार होतो? ऑफिसात म्हणायचे हा पावसाला घाबरला. पावसाला घाबरणारा माणूस ऐन श्रावणात मोटरसायकलवर कसारा उतरून मुंबईला जातो का? जाऊ दे, तुला कशाला सांगतोय हे.

गाडीचं. ती उंच ॲडव्हेंचर बाइक तुला मनापासून आवडलीय ते दिसतंय, पण ओल्या रस्त्यावर दोन्ही पाय नीट टेकतात ना, एवढं शोरूममध्ये बसून बघ. १२५ सीसीच्या वर २०१९ पासून एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सिस्टिम, कंपल्सरी आहे, पण बऱ्याच गाड्यांना ते पुढच्याच चाकाला असतं, तू दोन्ही चाकांचं घे. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं, तेव्हा पांढऱ्या पट्ट्यांवर ब्रेक मारायचा नाही. आणि चेन. गाडी बंद, मेन स्टँडवर, फडक्याने चेन पुसायची, ती पूर्ण सुकली की मागचं चाक हाताने फिरवत आतल्या बाजूने नव्वद नंबरचं गिअर ऑइल थेंबथेंब सोडायचं, जास्तीचं पुसून घ्यायचं, नाहीतर रिमभर उडतं. ओल्या चेनवर ऑइल ओतून काही होत नाही, वरून चमकते आणि आतून गंजते. आता मला सांग, घोटीला पत्र्याच्या पन्हाळीखाली उभी केलेली गाडी, तिची चेन तू सुकवणार कुठे? बेडरूममध्ये?

थंडीची काळजी एवढी नको, ती खरी निफाडकडे, तिथे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाचाच्या खाली गेला की पेपरात बातमी येते आणि द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात. तुझा रस्ता उलट्या बाजूला. तरी १० अंशांत ६० च्या स्पीडला अंगाला ५ सारखं लागतं, म्हणून छातीवर वारा अडवणारं काहीतरी ठेव. आणि मे महिन्यात जॅकेटची चेन उघडून चालवू नको, चाळीस अंशांची हवा अंगापेक्षा गरम असते, ती गार कशी करणार.

एवढं सांगूनही घोटीलाच राहायचं असेल तर रूम परत एकदा जाऊन बघ. पश्चिमेकडच्या भिंतीचं प्लास्टर फुगलंय का, नवा रंग फक्त खालच्या चार फुटांनाच दिलाय का, गाडीला डोक्यावर छप्पर आहे का. घरमालकाला काही विचारू नको, तो हो हो म्हणेल. शेजारच्या ताईंना विचार, जुलैत कपडे कुठे वाळत घालता. त्या काय म्हणतात ते मला कळव, आणि तोपर्यंत डिपॉझिट देऊ नको.

काका