दुसरा अरेंजर कीबोर्ड घेताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे यामाहाचा पीएसआर-एसएक्स९०० आहे. वाजवण्यात तोचतोचपणा येऊ लागल्यामुळे दुसरा अरेंजर, म्हणजे डाव्या हाताने धरलेल्या कॉर्डवर आपोआप साथ वाजवणारा कीबोर्ड, घेण्याचा विचार आहे. तो यामाहाचाच घ्यावा की कॉर्गचा?

उत्तर : हा तोचतोचपणा वाद्यातला आहे की हातातला, हे आधी पाहावे. २०१९ साली आलेल्या आपल्या वाद्यात शेकडो स्टाइल, म्हणजे साथीचे तयार नमुने, आहेत. बहुतेकांचा हात मात्र त्यांतल्या दहा-वीस स्टाइलांभोवतीच फिरत राहतो. वाद्यातल्या स्टाइल क्रिएटर या सोयीत एका स्टाइलचा ताल, दुसरीचा बेस आणि तिसरीची गिटार एकत्र जोडता येते. महिनाभर तेवढेच करून पाहावे. त्यानंतरही कान समाधानी नसेल, तर दुसरे वाद्य घेण्यात अर्थ आहे, आणि तेव्हा ते दुसऱ्या कंपनीचेच असावे असे माझे मत आहे. एकाच कंपनीच्या दोन वाद्यांत पियानो, ब्रास आणि ड्रम यांचा मूळ पिंड सारखाच असतो. त्यामुळे नवे वाद्य पुष्कळदा जुन्याची सुधारित आवृत्तीच वाटते.

कॉर्गच्या पीए मालिकेत साथ बांधण्याची रीतच थोडी वेगळी आहे. यामाहाची स्टाइल सहसा एकाच मूळ कॉर्डवर, बहुधा सी मेजर सेव्हनवर, रचलेली असते आणि आपण दाबलेल्या कॉर्डप्रमाणे वाद्य तिचे स्वर बदलून घेते. कॉर्गमध्ये एका व्हेरिएशनच्या (स्टाइलच्या एका रूपाच्या) पोटात मेजर, मायनर, सेव्हन्थ अशा कॉर्डप्रकारांसाठी सहापर्यंत वेगवेगळे तुकडे ठेवण्याची सोय आहे. स्टाइल रचणाऱ्याने ती मनापासून वापरली असेल, तर मायनरवर जाताच केवळ स्वरच बदलत नाहीत, साथीची चालही बदलते. मात्र यामाहाच्या रजिस्ट्रेशनला, म्हणजे आवाज आणि स्टाइलची जुळणी एका बटणावर साठवण्याच्या सोयीला, सरावलेल्या बोटांना त्याच कामाचे कॉर्गचे कीबोर्ड सेट आणि साँगबुक अंगवळणी पडायला वेळ लागतो, हे गृहीत धरूनच निर्णय घ्यावा.

प्रश्न : मग माझ्या जमवलेल्या स्टाइल कॉर्गवर चालतील का?

उत्तर : जशाच्या तशा चालणार नाहीत. दोन्हीकडे स्टाइलचे आठच वाद्यभाग (ड्रम, बेस वगैरे) असतात, त्यामुळे रूपांतर कागदावर सोपे दिसते आणि ते करून देणारी सॉफ्टवेअरही आहेत. पण ड्रम किटमधला एखादा आवाज दुसऱ्याच पट्टीवर बसलेला असतो आणि हायहॅटच्या जागी भलतेच काही वाजू लागते. यामाहाच्या खास आर्टिक्युलेशन व्हॉइसवर (वादनातले बारकावे दाखवणाऱ्या आवाजांवर) बेतलेली गिटार तर हमखास विस्कटते. प्रत्येक स्टाइल हाताने नीट करावी लागते. दहा-बारा आवडत्या स्टाइलांपुरते हे काम जरूर करावे. सगळा साठा हलवण्याच्या फंदात पडू नये.

प्रश्न : दोन्ही कीबोर्ड जोडून, खालच्यावर कॉर्ड धरल्यावर वरच्याची स्टाइल वाजावी असे करता येते का?

उत्तर : येते, आणि दुसऱ्या अरेंजरचा सर्वांत मोठा आनंद मला तरी यातच वाटतो. मिडी ही वाद्यांनी एकमेकांना आज्ञा पाठवण्याची जोडणी. खालच्या वाद्याच्या मिडी आउटमधून वरच्याच्या मिडी इनमध्ये पाच पिनांची केबल जोडावी. खालच्याचा डावा हात एका ठरावीक चॅनेलवर पाठवावा आणि वरच्याला त्याच चॅनेलवरून कॉर्ड ओळखायला सांगावे. ही सोय यामाहा आणि कॉर्ग दोघांच्याही मिडी सेटिंगमध्ये असते. एकाचीच स्टाइल वाजवणार असाल, तर क्लॉकच्या, म्हणजे दोन वाद्यांची लय जुळवणाऱ्या सेटिंगच्या, भानगडीत पडू नये. दोघांच्या स्टाइल एकत्र चालवायच्या असतील, तर एकाचे क्लॉक इंटर्नल (स्वतःचे) आणि दुसऱ्याचे एक्स्टर्नल (बाहेरून येणारे) ठेवावे. नंतर कधी हे दुसरे वाद्य एकटेच वाजवायला घेतले आणि त्याची स्टाइल सुरूच होईना, तर दुरुस्तीवाल्याला बोलावण्याआधी हे सेटिंग तपासावे. मी स्वतः एकदा पूर्ण संध्याकाळ वाद्याला दोष देत बसलो होतो.

दोन गोष्टी खरेदीपूर्वीच पाहाव्यात. यामाहाच्या पीएसआर-ई मालिकेसारख्या लहान कीबोर्डांवर पाच पिनांचे मिडी सहसा नसते, असलेच तर फक्त संगणकाला जोडायचे यूएसबी असते. आणि अशी दोन यूएसबी तोंडे एकमेकांना थेट जोडून काहीच होत नाही, मध्ये संगणक किंवा यूएसबी होस्ट यंत्र लागते. दुसरे असे की, मिडीतून आवाज जात नाही, केवळ आज्ञा जातात. दोन्ही वाद्ये एकाच हेडफोनमध्ये ऐकायची असतील, तर छोटा मिक्सर घ्यावा, किंवा एकाचा आवाज दुसऱ्याच्या ऑक्स-इनमध्ये (बाहेरचा आवाज घेण्याच्या तोंडात) द्यावा.

प्रश्न : दुसरा कीबोर्ड फक्त खोलीत बसून चाली सुचतील तशा वाजवून पाहण्यासाठी हवा आहे. किती मोठा घ्यावा?

उत्तर : पाच सप्तकांचा, म्हणजे ६१ पट्ट्यांचा, स्वतःचे स्पीकर असलेला आणि बॅटरीवर चालणारा असावा. पट्ट्या पूर्ण आकाराच्याच हव्यात, नाहीतर मुख्य वाद्यावर परतल्यावर बोटे अडखळतात. बोटाच्या दाबाप्रमाणे आवाज लहानमोठा होतो ना, तेवढे पाहून घ्यावे.

प्रश्न : नवा मध्यम श्रेणीचा की जुना सर्वोच्च श्रेणीचा?

उत्तर : जुन्याची बांधणी आणि पट्ट्यांचा स्पर्श बहुधा सरस असतो, पण यामाहाच्या २००२ सालच्या पहिल्या टायरोसमध्ये साठवण फ्लॉपीवर होती, हे एक उदाहरण पुरे. याशिवाय टायरोस किंवा जेनोस या मालिकांत स्पीकर वाद्यातच बसवलेले नसतात, तेव्हा तो खर्च वेगळा धरावा. जुने वाद्य पाहायला जाताना प्रत्येक पट्टी हलकी आणि जोरात अशी दोनदा वाजवावी. मधली एखादीच पट्टी एकदम किंचाळली किंवा मुकी राहिली, तर पट्ट्यांखालचे रबरी संपर्क मळले किंवा झिजले आहेत असे समजावे. हा दोष बहुतेक वेळा दुरुस्त होतो. स्क्रीन अंधूक झाली असेल, तर मात्र तिचा सुटा भाग अजून मिळतो का, हे कळल्याशिवाय व्यवहार करू नये. आपले सस्टेन पेडलही (स्वर लांबवणारे पायाचे बटण) सोबत न्यावे आणि वाद्य सुरू करताना त्यावर पाय ठेवू नये, कारण अनेक वाद्ये त्याच क्षणी पेडलची दिशा ओळखतात आणि मग पाय उचलल्यावरच स्वर लांबत राहतो.