डायव्हिंगच्या पट्ट्याची शिशाची वजनं घरी ओतावीत का?

तुमचा प्रश्न असा आहे: जुन्या पाइपांचं १५ किलो शिसं घरात पडून आहे, त्यातून स्कूबाच्या पट्ट्यासाठी वजनं गॅसवर ओतली तर चालतील का? आणि अशा वजनांमुळे समुद्रात शिसं मिसळतं का?

पहिल्याचं उत्तर: नाही, ओतू नका. मी स्वतः तीन वर्षं घरामागच्या शेडमध्ये ओतत होतो, आणि ते बंद करायला मला माझ्या मुलीच्या रक्ताचा रिपोर्ट लागला.

शिसं ३२७ अंशांना वितळतं. साध्या गॅसवर, लोखंडी भांड्यात, दहा-पंधरा मिनिटांत चांदीसारखा रस तयार होतो. इतकं सोपं असल्यामुळेच माणूस फसतो. सगळ्यांना भीती असते धुराची, मलाही होती. म्हणून मी दार उघडं ठेवायचो, मास्क लावायचो, आणि काळजी घेतली असं समजायचो. धूर होतोच, ५०० अंशांच्या पुढे तो चांगलाच वाढतो, आणि थर्मामीटर नसेल तर आपण कधी पुढे गेलो ते कळतही नाही. पण आमच्या घरात शिसं शिरलं ते धुरातून नाही.

रस तापला की त्याच्यावर दुधावर साय धरावी तसा राखाडी-पिवळसर थर येतो. तो चमच्यानं काढायचा आणि डब्याच्या काठावर चमचा ठोकायचा. ठोकला की पिठासारखी भुकटी उडते. एरवी दिसत नाही. एकदा सकाळचं तिरपं ऊन आत आलं होतं तेव्हा मी ती उडताना पाहिली, आणि तरीही काम थांबवलं नाही. पुढे वजनं गार झाली की कडा कानशीनं घासायच्या, पट्टा ओवायची खाच साफ करायची. ती पूड शर्टावर, केसांत, चपलांच्या तळाला. त्याच चपला घालून मी घरात यायचो, त्याच शर्टानं मुलीला उचलून घ्यायचो.

ती तेव्हा दोन वर्षांची होती. शेडमध्ये एकदाही गेली नव्हती. एका डॉक्टर मित्राच्या आग्रहावरून दोघांची तपासणी केली: माझ्या रक्तात डेसीलिटरमागे १७ मायक्रोग्रॅम शिसं, तिच्या रक्तात ७. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची मार्गदर्शक सूचना सांगते की ५ किंवा त्याहून जास्त आलं तर शिसं कुठून येतंय ते शोधून ते बंद करा. आणि सुरक्षित म्हणावी अशी कुठलीच पातळी माहीत नाही. रांगणारी मुलं जमिनीवरचा हात सतत तोंडात घालतात, आणि पोटात गेलेलं शिसं त्यांच्या शरीरात मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शोषलं जातं. झळ बसते ती वाढत्या मेंदूला. ओतकाम बंद केलं, घर ओल्या फडक्यानं पुन्हा पुन्हा पुसलं (झाडू मारला असता तर सगळं परत हवेत गेलं असतं), तेव्हा काही महिन्यांत आकडे उतरले. पण शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं, आणि तिथे ते वर्षानुवर्षं राहतं. ही गोष्ट मला अजून बोचते.

तुमच्या पाइपांबद्दल वेगळी धास्ती वाटते. चेपलेल्या पाइपात पाणी अडकलेलं असू शकतं. तापलेल्या रसाखाली पाण्याचा थेंब सापडला की त्याची क्षणात वाफ होते, हजारपटीहून जास्त फुगते आणि रस कारंज्यासारखा उडतो. माझ्याकडे साच्याच्या गंजात नुसती ओल राहिली होती, तर रस छताला जाऊन चिकटला. डोळ्यांवर गॉगल होता म्हणून मी आज हे लिहितोय. कुणी जुन्या बॅटरीतलं शिसं वापरायला सुचवलं तर अजिबात ऐकू नका. त्यात ॲसिड असतं, आणि अँटिमनी-आर्सेनिकही असू शकतात.

आता समुद्र. शिशाच्या भरीव तुकड्यावर खाऱ्या पाण्यात क्षारांचा मळकट थर बसतो आणि तो सहज विरघळत नाही, त्यामुळे पट्ट्यावरच्या वजनातून शिसं फार सावकाश सुटतं. झीज होते ती घासण्यानं. कापडी पिशवीत छर्रे भरलेली मऊ वजनं हलवून बादलीत धुवा, पाणी करडं होतं. म्हणून वजनं रेग्युलेटरबरोबर (सिलिंडरची हवा ज्यातून तोंडानं घेतो ते उपकरण) एकाच टबात धुऊ नयेत, आणि दोन डाइव्हच्या मध्ये काही खायच्या आधी हात साबणानं धुवावेत. तळाशी पडून राहिलेले बारीक तुकडे जास्त घातक. ब्रिटनमध्ये हंस मासेमारीची शिशाची वजनं गिळून मरत होते, म्हणून १९८७ पासून २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या बहुतेक वजनांवर तिथे बंदी आली.

मग घ्यायचं काय? प्लॅस्टिकचं जाड आवरण असलेली तयार वजनं, वापरलेली मिळाली तरी चालतील. आवरण फाटलेलं नको. पोलादाचाही विचार करा. समुद्राच्या पाण्यात १ किलो शिसं साधारण ९१० ग्रॅमइतकं खाली ओढतं, पोलाद ८७० ग्रॅम. म्हणजे ८ किलो शिशाचं काम साडेआठ किलोच्या आत पोलादात होतं. फक्त आकार दीडपट होतो आणि गंजापासून जपावं लागतं.

आणि खरेदीच्या आधी एकदा तरंगून बघा. सिलिंडरमध्ये ५० बार दाबाच्या आसपास हवा उरलेली, तरंगण्यासाठी हवा भरायचं जॅकेट पूर्ण रिकामं, नेहमीचा श्वास धरून पाण्यात उभे राहा. पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं तर वजन बरोबर. मी वर्षानुवर्षं १० किलो बांधायचो. अशी चाचणी केल्यावर ७ पुरले.

ते १५ किलो शिसं कापू नका, घासू नका. हातमोजे घालून झाकणाच्या बादलीत ठेवा, मुलांच्या हाती लागणार नाही असं, आणि शिशाचा पुनर्वापर करणाऱ्या परवानाधारक कारखान्याकडे द्या. आतापर्यंत एखादी खेप ओतून झाली असेल, तर घरातल्या सगळ्यांच्या रक्ताची तपासणी याच आठवड्यात करून घ्या, सगळ्यात लहान मुलापासून.