“पोरांना कळू देऊ नका, मॅडम”

ऑक्टोबरात, द्राक्षबागांच्या छाटण्या चालू असताना, तासगावकडचं एक जोडपं सांगलीत माझ्याकडे समुपदेशनासाठी आलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) ताईंना स्तनाचा कॅन्सर निघाला होता. मिरजेत दर २१ दिवसांनी केमो द्यायची ठरलं होतं, पहिली पुढच्या आठवड्यात. दादांचं एकच म्हणणं होतं, “पोरांना इतक्यात सांगायला नको ना? थोरलीची दहावी आहे, धाकटा दुसरीत. आई म्हणती, लहान पोरांस्नी काय कळतंय.”

मी विचारलं, “महिन्याभरात पोरांच्या वागण्यात काही फरक?”

थोरली न सांगता भांडी घासायला लागली होती. धाकटा पुन्हा अंथरूण ओलं करत होता. आणि बाग म्हटली की जीव टाकणारा तो पोरगा आता बागेकडे फिरकतही नव्हता. घरात फोन अंगणात जाऊन घ्यायचे, आज्जी देवापुढं बसून डोळे पुसायची. पोरांना काहीच ठाऊक नाही, असं मला तरी वाटेना.

मग आम्ही वाक्यं ठरवली. “आईच्या छातीत गाठ आहे, त्या आजाराला कॅन्सर म्हणतात.” शब्द कॅन्सर हाच वापरायचा, कारण नुसतं ‘आजारी आहे’ म्हटलं की लहान पोर उद्या कुणाला ताप आला तरी घाबरतं आणि खरा शब्द त्याला शेजारणीच्या तोंडून कळतो. हा आजार शिवल्यानं, उष्टं खाल्ल्यानं होत नाही. कुणाच्या चुकीनं झालेला नाही. पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांत केस गळतील, पुढे परत येतील. शाळेची तयारी कोण करून देणार, रात्री जवळ कोण झोपणार, हे नावानिशी सांगायचं. ‘मी बरी होणारच’ असं वचन मात्र द्यायचं नाही. ताईंना हे फार जड गेलं. शेवटी त्यांनीच शब्द शोधले, “डॉक्टर सांगतील ते सगळं मी करणार आहे. काही बदललं तर तुमच्यापासून लपवणार नाही.”

दुसऱ्या केमोच्या आदल्या दिवशी दोघं परत आली. सांगायला बसल्यावर थोरली म्हणाली होती, “मला माहितीय. कपाटातली फाईल वाचली मी.” तीन आठवडे ती रात्री पांघरुणात मोबाईलवर एकटीच वाचत होती; आई रडेल म्हणून गप्प होती. आजाराचं ऐकून रडल्या नव्हत्या इतक्या ताई यावर रडल्या.

धाकटा त्या वेळी काहीच बोलला नाही. रात्री आईच्या कुशीत शिरून म्हणाला, “औषध मारताना मीच तुला बागेत ओढत नेलं होतं. त्यानं झालं का?”

हे सांगताना दादांचा आवाज बसला. फवारणीची तीच शंका त्यांच्याही मनात होती, पण ते कुणाजवळ बोलले नव्हते. सहा-सात वर्षांचं मूल घडलेल्या वाईट गोष्टीचं कारण स्वतःत शोधतं, हे मी कितीदा पाहिलंय, तरी दर वेळी पोटात तुटतं. मी दादांना म्हटलं, तुमची शंका उद्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा. आणि लेकाला आजच सांगा की ही गाठ आत फार आधीपासून वाढत होती, त्या एका दुपारनं ती झालेली नाही.

थोरलीबद्दलही मी आग्रह धरला. अशा घरांत मोठ्या लेकीच्या गळ्यात चूल पडते आणि सगळे तिला शहाणी म्हणतात. आता सकाळचा डबा आत्या करते, वर्गशिक्षिकेला कल्पना दिलीय.

परवा ताईंचा फोन आला. धाकटा पुन्हा बागेत जायला लागलाय. अधूनमधून अजून विचारतो, “बागेमुळं नाही ना झालं?” ताई हातातलं काम ठेवतात, त्याला जवळ घेतात आणि दर वेळी तेच उत्तर देतात.